एकाच ग्लू पॅडवर चिचुंद्री आणि दयाळ, सोसायटीत महाभारत

ऊनसावली :
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही भांडणाचा, सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्यात पोखरण रोड नंबर २ च्या बाजूला राहतो. गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो, म्हणजे आधी दिसायचा, आता दोन टॉवरच्या फटीतून दिसतो. पहिला पाऊस पडला की गटारातले उंदीर वर येतात हे दरवर्षीचंच, त्यामुळे कमिटीने यंदा पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगून मीटर रूम, स्टिल्टमधलं पार्किंग आणि मागे कचऱ्याच्या डब्यांपाशी ते पुस्तकासारखे उघडणारे ग्लू पॅड लावले. गेल्या मंगळवारी सकाळी एका पॅडवर चिचुंद्री चिकटलेली होती. जिवंत होती, चीं चीं करत होती. वॉचमनने पॅड तसंच दुमडलं आणि डब्यात टाकलं. कोणी काही बोललं नाही, मीही नाही, खोटं कशाला सांगू, ऑफिसला उशीर होत होता.

शनिवारी डब्यांपाशीच्या दुसऱ्या पॅडवर दयाळाचं पिल्लू. म्हणजे अगदी पिल्लू नाही, नुकतं उडायला लागलेलं, छातीवर तपकिरी ठिपके. एक पंख आणि शेपटी पार चिकटलेली आणि समोर पाण्याच्या पाइपावर बाप बसून नुसता खर्रर्र खर्रर्र ओरडतोय. आता मात्र अख्खी सोसायटी खाली! मुलं रडतायत, मोठी माणसं व्हिडिओ काढतायत, ग्रुपवर दुपारपर्यंत शंभरच्या वर मेसेज. बी विंगच्या एका ताईंनी लिहिलं की दयाळ प्रोटेक्टेड पक्षी आहे, केस होऊ शकते. सेक्रेटरी काकांनी लिहिलं की पक्ष्याबद्दल वाईट वाटतंय पण पॅड काढणार नाही, उंदीर कसे धरायचे मग. मी मधेच मंगळवारचं काढलं तर उत्तर आलं, "चिचुंद्री म्हणजे उंदीरच हो, जरा वासाचा."

तर मला हे दोन जीव नेमके कोण ते समजून घ्यायचंय. कोण कुठल्या गणातलं, कुळातलं, आणि ते धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत दोघं कुठे बसतात. पुढच्या रविवारी मीटिंग आहे आणि मला तिथे नुसतं "बिचारी" म्हणून चालणार नाही, काका रिटायर्ड इंजिनियर आहेत, त्यांना मुद्दा लागतो.

पारसिकचा बोगदा :
चिचुंद्रीवरून मीटिंग. ठाण्यात पाणी, पार्किंग आणि घोडबंदरचं ट्रॅफिक तिन्ही प्रश्न सुटलेले दिसतायत.
(खुर्ची आणि शेंगदाणे घेऊन बसलोय.)

निळी छत्री :
आधी सांगा, पिल्लू कसं आहे???

ऊनसावली :
जिवंत आहे. रेस्क्यूवाल्या मुलाने फोनवर सांगितलं की ओढू नका, उघड्या गोंदावर टिश्यू पेपर पसरा म्हणजे दुसरा पंख चिकटणार नाही, पाणी पाजू नका आणि पॅडसकट खोक्यात अंधारात ठेवा. तासाभरात येऊन घेऊन गेला. शेपटीची पिसं गेली सगळी.

निळी छत्री :
हुश्श. मुळापासून उपटलेली पिसं परत येतात काही आठवड्यांत. कापली तर मात्र पुढच्या पिसं झडण्याच्या वेळेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून कात्री कोणी लावली नाही ते बरं झालं.

फळा डस्टर :
ताई, मी नेरूळला शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न म्हणजे माझ्या घरचं लग्न.

काकांना पहिल्यांदा हे सांगा की चिचुंद्री उंदीर नाही. वासाचा नाही, बिनवासाचा नाही, कुठलाच नाही. उंदीर, घूस, खार, साळिंदर हे सगळे कृंतक गणातले, रोडेन्शिया. वरच्या जबड्यात पुढे दोन दात, ते आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडत बसावं लागतं. चिचुंद्रीचा गण वेगळा, युलिपोटिफ्ला, कुल सोरिसिडी, शास्त्रीय नाव संकस म्युरिनस. तिचे नातेवाईक म्हणजे हेजहॉग आणि जमिनीखाली राहणारे मोल. आमच्या जुन्या पुस्तकांत गण इन्सेक्टिव्होरा म्हणजे कीटकभक्षी असा दिलेला असायचा, तो आता मोडीत निघालाय कारण नुसतं किडे खातात म्हणून एकत्र कोंबलेले प्राणी डीएनए बघितल्यावर एकमेकांचे कोणीच निघाले नाहीत.

आणि खरी गंमत पुढे आहे. सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षात उंदीर ज्या मोठ्या फांदीवर आहे त्याच फांदीवर ससे आहेत, माकडं आहेत आणि आपण आहोत. चिचुंद्री दुसऱ्या फांदीवर, वटवाघूळ, गाय, कुत्रा, मांजर, देवमासा यांच्यासोबत. म्हणजे नातं काढायचं झालं तर उंदीर सेक्रेटरी काकांना जवळचा आणि चिचुंद्री मांजराला जवळची. हे मीटिंगमध्ये बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तसा हा घोळ लिनियसपासूनच आहे म्हणा, १७६६ साली त्याने तिला म्युरिनस म्हटलं, म्हणजे उंदरासारखी. मग आपल्या वॉचमनला काय बोलायचं.

पारसिकचा बोगदा :
मांजर चिचुंद्रीला मारते पण खात नाही, आजपर्यंत मला वाटायचं वासामुळे. आता कळलं, भाऊबंदकी आहे ती.

तिरपागडा :
हे दयाळाचं पण सांगा ना कोणीतरी. गाणारा पक्षी म्हणजे नक्की काय? कोकिळा गाते, दयाळ गातो, मग दोघं एकाच गटात का? मुलीचा प्रोजेक्ट आहे आणि मी तिला हो म्हणून बसलोय.

फळा डस्टर :
अरे देवा. बदला लगेच.

कोकिळा गाणाऱ्या पक्ष्यांत येत नाही. तिचा गण वेगळा, पावशाबरोबर बसते ती. आणि कावळा? कावळा येतो! कसं ते सांगते. पॅसेरिफॉर्मिस नावाचा गण आहे, फांदीवर पकड घेऊन बसणारे पक्षी, तीन बोटं पुढे एक मागे. जगातल्या निम्म्याहून जास्त पक्ष्यांच्या जाती या एका गणात आहेत. त्याचा एक मोठा उपगण म्हणजे शास्त्राच्या भाषेतले गाणारे पक्षी. यांचा आवाज गळ्यातून नाही निघत, श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे सिरिंक्स म्हणून अवयव असतो तिथून निघतो, आणि या गटात त्याचे स्नायू इतके कामाचे की काही पक्षी दोन बाजूंनी दोन वेगळे सूर एका वेळी काढतात. शिवाय यांची पिल्लं गाणं ऐकून शिकतात. शिकलेलं गाणं आणि तो अवयव, यावर गट ठरतो, गोडव्यावर नाही.

म्हणून कावळा आत, चिमणी आत, साळुंकी, बुलबुल, शिंपी, सुगरण सगळे आत. कोकिळा बाहेर. येऊरला आणि कर्नाळ्याला पावसाळ्यात येतो तो नवरंग आणखी मजेशीर, त्याचा गण पॅसेरिफॉर्मिसच आहे पण गाणाऱ्यांच्या उपगणात नाही, उंबरठ्यावरच उभा.

दयाळ मात्र दोन्ही अर्थांनी गाणारा. कॉप्सिकस सॉलारिस, कुल मस्किकॅपिडी म्हणजे माश्या टिपणाऱ्या माशिमार पक्ष्यांचं. हाही पूर्वी कस्तुरांच्या कुळात होता, मग हलवला. म्हणजे ताई, तुमच्या पॅडवरच्या दोघांचीही मधल्या काळात शाळा बदललीय.

तिरपागडा :
प्रोजेक्ट उद्या द्यायचाय 😭 कावळा चिकटवतो.

एक साधा वाचक :
पण दोघांची तुलना करायची तरी कशी, एक पक्षी एक सस्तन. सफरचंद आणि रिक्षा झालं हे.

फळा डस्टर :
सृष्टी एक, संघ एक, दोघं पाठीचा कणा असलेले. वर्गापासून वाटा वेगळ्या. त्यांचा शेवटचा सामाईक पूर्वज ३० कोटी वर्षांहून जुना. रिक्षाइतकं लांब नाही ओ.

निळी छत्री :
आता यादीचं मी घेतो, रविवारी सकाळी खारघर नाहीतर ऐरोलीच्या खाडीवर दुर्बीण घेऊन फिरण्यात अर्धं आयुष्य गेलंय माझं.

आययूसीएन म्हणजे निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना, तिची लाल यादी म्हणतात ती १९६४ पासून आहे. तिच्यात दोघंही एकाच खान्यात आहेत, लीस्ट कन्सर्न, म्हणजे सर्वांत कमी चिंता. दयाळ तिथेच आणि चिचुंद्री तिथेच. म्हणजे बी विंगच्या ताई "दुर्मिळ पक्षी" म्हणत असतील तर तसं नाहीये, आणि काका "चिचुंद्री म्हणजे कचरा" म्हणत असतील तर यादीच्या हिशोबाने दोघांना मार्क सारखेच.

एक साधा वाचक :
म्हणजे मारली तरी चालते ना मग? चिंताच नाही म्हटलंय.

निळी छत्री :
हेच होतं नेहमी. थोडं लांबतंय, पण वाचा.

ती चिंता पूर्ण जगातून ती जात नामशेष होईल का याची आहे. तुमच्या वॉर्डातून जाईल का याची नाही, आणि एका जिवाला किती दुखतंय याची तर नाहीच नाही. जात धोक्यात कधी म्हणायची याचे आकडे ठरलेत, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जे जास्त असेल त्यात, संख्या ३० टक्क्यांनी घटली तर असुरक्षित, ५० टक्क्यांनी घटली तर धोक्यात, ८० टक्क्यांनी तर अतिधोक्यात. शिवाय पसारा किती लहान आहे, एकूण किती उरलेत, असे बाकीचेही निकष आहेत. दयाळ पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत आहे, बांगलादेशाचा तर राष्ट्रीय पक्षी आहे, त्यामुळे ठाण्यातले सगळे दयाळ उद्या गेले तरी यादीत अक्षर हलणार नाही.

आणि तसं झालंय. सिंगापूरमध्ये दयाळ १९२० च्या दशकात सर्रास होता, १९७० च्या दशकापर्यंत जवळजवळ संपला, पिंजऱ्यात पाळायला पकडून पकडून आणि बाहेरून आलेल्या साळुंक्यांनी ढोली बळकावून. नंतर १९८० च्या दशकात परत आणून सोडावा लागला. जगाच्या यादीत मात्र तो ठणठणीतच.

आणि "आज चिंता नाही" म्हणजे उद्या नाही असंही नाही. पिवळ्या छातीचा भारीट म्हणून एक गाणारा पक्षी आहे, हिवाळ्यात ईशान्य भारतातही येतो. २००४ पर्यंत तोही लीस्ट कन्सर्न होता. २०१७ ला थेट अतिधोक्यात, नामशेष व्हायच्या अलीकडचा खाना. १३ वर्षांत चार पायऱ्या. स्थलांतराच्या वाटेवर चीनमध्ये जाळी लावून लाखोंनी पकडला, खायला.

चिचुंद्रीचं उलटं आहे, तिच्या बाबतीत यादीला काळजी तिची नाही तर तिच्यापासून इतरांची. जहाजातून माणसाबरोबर ती ग्वाम, मॉरिशससारख्या बेटांवर पोचली आणि तिथल्या पाली-सरड्यांची वाट लावली. आणि तिच्याच कुळातल्या, आपल्याच देशातल्या, अंदमान-निकोबारच्या तीन चिचुंद्र्या अतिधोक्यात आहेत. अंदमानी, जेंकिन्सची आणि निकोबारी. किती जणांनी नाव तरी ऐकलंय? वाघाचं पोस्टर निघतं, चिचुंद्रीचं कोण काढणार.

पारसिकचा बोगदा :
मी काढतो पोस्टर. "एक नाक, तीन जाती, शेवटची संधी."

घणसोलीचा गडी :
सगळ्यांचं वाचून झालं असेल तर आता जमिनीवर या. मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीची वायरिंग कुरतडली, बिल अठरा हजार. तळमजल्यावर राहतो, बायकोने तांदळाचा डबा उघडा ठेवला तर सकाळी लेंड्या. वरच्या मजल्यावर राहून फांद्या आणि वंशवृक्ष सगळ्यांना सुचतात. पॅड नको मग काय करू, उंदराला समजावून सांगू का? आणि चिचुंद्री घरात फिरून गेली की तो वास दोन दिवस जात नाही, तिचे पण लाड नकोत.

फळा डस्टर :
दादा राग रास्त आहे. पण वायरिंगच्या बिलावर चिचुंद्रीचं नाव टाकू नका, तिला कुरतडायचे दातच नाहीत. बारीक टोकदार दात, किडे फोडायला. साप साप म्हणून भुई धोपटतो आपण तसं झालंय हे.

ओळखायचं कसं ते लिहून ठेवते, मीटिंगला कामी येईल. तोंड लांब निमुळतं आणि नाक सारखं हलतं, डोळे मोहरीएवढे, केस मखमली करडे, शेपटी बुडाशी जाड. आणि कोणाला जवळून बघायची हौस असेल तर पुढच्या पायाला पाच बोटं. उंदराला पुढे चार.

घणसोलीचा गडी :
बोटं मोजायला जवळ कोण जाणार ओ बाई.

डॉ. काढा :
दोन्ही बाजूंना थोडं थोडं थंड पाणी.

चिचुंद्री उंदीर नाही हे बरोबर पण म्हणून ती देवघरात ठेवायची वस्तूही नाही. तिच्यातही लेप्टोस्पायराचे, म्हणजे लेप्टो तापाचे जंतू सापडलेत, प्लेगच्या पिसवा तिच्यावरही राहू शकतात. १९६४ साली वेल्लोरजवळ पकडलेल्या एका चिचुंद्रीत थोट्टापालयम नावाचा विषाणू मिळाला, हंता गटातला. तेव्हा उघड्या हाताने सोडवायला जाऊ नका, हातमोजे, आणि चावली तर साबणाने धुऊन डॉक्टरकडे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो होतो त्यात मोठा वाटा उंदीर-घुशींचा, आणि त्यावर उपाय पॅड नाही, कचरा आहे. जिवंत उंदीर गोंदावर तासन्‌तास पडून मुततो, हगतो, मग तो पॅड उघड्या हाताने वॉचमन उचलतो. यात स्वच्छता कुठे आली ते मला तरी कळत नाही.

आजीची गोधडी :
माझं माहेर उरणच्या बाजूचं. आमच्याकडे आजी चिचुंद्रीला मारू द्यायची नाही, म्हणायची लक्ष्मीची पावलं आहेत, भिंतीकडेने जाते ती धन राखते. आम्ही हसायचो. एकदा जोत्यावर मी स्वतः बघितलंय, पुढे आई, तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लाने तोंडात धरलेलं, त्याला दुसऱ्याने, असे चार डबे, आणि लोकल फलाटाला लागावी तशी भिंतीला घासून गेली गाडी. मी सात-आठ वर्षांची असेन. आजी म्हणाली बघ, हात सोडायचा नसतो गर्दीत. अजून दादर उतरताना आठवतं मला ते.

ऊनसावली :
गोधडीताई 💛 मंगळवारचं डोळ्यासमोरून जात नव्हतं, आता तर विचारूच नका. तिची पिल्लं असतील का कुठे मीटर रूममागे, हाच विचार येतो.

काळा कोट :
कायद्याचं राहिलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ ला मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू. आधी सहा अनुसूची होत्या, आता चार. गेलेल्यांपैकी जुनी पाचवी, तिला व्हर्मिन म्हणजे उपद्रवी प्राण्यांची यादी म्हणायचे, तिथल्या प्राण्यांना कायद्याचं कसलंच संरक्षण नसायचं. तिच्यात शेवटी कोण होतं? कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशी. म्हणजे वर बाईंनी सांगितल्याप्रमाणे एक गाणारा पक्षी कायद्याने उपद्रवी होता आणि चिचुंद्रीचं त्यात नावही नव्हतं. आता ती कायमची यादीच नाही, केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक भागात ठरावीक काळापुरतं एखाद्या प्राण्याला तसं जाहीर करू शकतं.

दयाळासाठी कोणी जेलमध्ये जाईल असं मला वाटत नाही ताई, मुद्दाम पकडलेला नाही तो. पण मीटिंगमध्ये केसची भीती घालू नका, भीती घातली की माणसं वकील शोधतात, उपाय नाही. आणि प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा वेगळा, १९६० चा. तो यादी बघत नाही.

तिरपागडा :
कावळा उपद्रवी आणि गाणारा. माझ्या मेहुण्याचं वर्णन आहे हे.

निळी छत्री :
चिमणीचंही असंच आहे. जगाच्या यादीत लीस्ट कन्सर्न, २०१० पासून २० मार्चला तिचा दिवस साजरा करतो आपण, आणि देशभराचा हिशोब केला तर बऱ्यापैकी टिकून आहे पण मोठ्या शहरांत घटलीय. म्हणूनच भारतापुरता वेगळा हिशोब लागतो. २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात ९४२ जाती तपासल्या, त्यातल्या १७८ ना आपल्याकडे तातडीने लक्ष हवं असं म्हटलंय, आणि हे सगळं हौशी लोकांनी मोबाइलवर भरलेल्या याद्यांवरून. सस्तन प्राण्यांचं असं काही नाही, त्यातून रात्री भिंतीकडेने पळणाऱ्याचं तर नाहीच. चिचुंद्र्या ठाण्यात वाढल्या का घटल्या हे सांगायला मोजणारा कोण आहे? दयाळ सकाळी सहाला विजेच्या तारेवर बसून स्वतःची हजेरी लावतो, ही बिचारी अंधारात.

घणसोलीचा गडी :
एक विचारू? काल रात्री आमच्या पार्किंगमधले पॅड बघून आलो, तुमच्या धाग्याने डोकं खाल्लं म्हणून. तीन पॅड. उंदीर एकावरही नाही. तिन्हींवर झुरळं मात्र गच्च, वीस-पंचवीस तरी, एक पाल, दोन टोळ. चिचुंद्री काय खाते म्हणालात?

फळा डस्टर :
झुरळं. मुख्य खाणं किडेच. अंगाची भट्टी इतकी जोरात चालते की सारखं खात राहावं लागतं.

घणसोलीचा गडी :
आणि दयाळ?

निळी छत्री :
किडे. जमिनीवर उतरून टिपतो.

घणसोलीचा गडी :
मग झालं की. आपण पैसे देऊन झुरळांचं ताट मांडतोय आणि झुरळं खाणारे येऊन बसतायत जेवायला. उंदीर शहाणा आहे, एकदा भाऊबंद अडकलेला बघितला की बाजूने जातो. मी प्राणीमित्र वगैरे नाही, लिहून ठेवा, पण धंदा म्हणून सुद्धा हा तोट्याचा आहे.

फळा डस्टर :
उभी राहून टाळ्या! गण वेगळे, वर्ग वेगळे, ताट एक. वीस वर्षं शिकवतेय, मला सुचलं नव्हतं हे.

डॉ. काढा :
+१. आणि झुरळं खाणाऱ्यांना मारलं की झुरळं कोणाच्या स्वयंपाकघरात येणार ते वेगळं सांगायला नको.

ऊनसावली :
गडीदादा, तुमचं हे वाक्यच्या वाक्य मीटिंगमध्ये वाचणार आहे. पॅडचे फोटोही पाठवा ना.

घणसोलीचा गडी :
पाठवले. जेवून झाल्यावर बघा.

ऊनसावली :
मंडळी, अपडेट. मीटिंग झाली, दोन तास चालली, त्यातला दीड तास व्हिजिटर पार्किंगवर गेला. यादी, गण, कुल सगळं सांगितलं, काकांनी शांतपणे ऐकलं, मांजराच्या नात्यावर बायका हसल्या, कोणी हललं नाही. मग झुरळांचे फोटो दाखवले. काका पुढे वाकले, मोबाइल हातात घेतला, झूम केलं, आणि म्हणाले की हे डिझाइनच चुकलंय. बस. तिथेच पॅड गेले. कचऱ्याच्या डब्यांना झाकणं आणि डक्टच्या तोंडाला बारीक जाळी हे मंजूर, मीटर रूममधल्या पाइपाभोवतीची भोकं सिमेंटने बुजवायची, आणि पकडायचेच तर जुने लोखंडी पिंजरे, रोज सकाळी बघायचे, चिचुंद्री निघाली तर सोडून द्यायची. पिंजऱ्याची जबाबदारी काकांनी स्वतः घेतली.

दयाळ बरा आहे, शेपटी फुटायला लागलीय म्हणे. पूर्ण आली की इथेच आणून सोडणार आहेत. बाप अजून त्याच पाइपावर येतो.

निळी छत्री :
सोडाल तेव्हा सांगा, मी येतो पहाटेची ट्रान्सहार्बर पकडून.

ऊनसावली :
मंडळी, एक छोटा प्रॉब्लेम झालाय. आज सकाळी काकांचा ग्रुपवर मेसेज, "पहिली चिचुंद्री मिळाली. नियमाप्रमाणे स्वतः स्कूटरवरून येऊरच्या पायथ्याला नेऊन सन्मानाने सोडली." सोबत फोटो. ४३ जणांनी हात जोडलेत, बी विंगच्या ताईंनी फुलं टाकलीत. फोटो इथे लावते, बाई जरा बघता का.

फळा डस्टर :
पुढच्या पायाला चार बोटं. दात पिवळे, पुढे आलेले. तोंड बोथट.

ताई, ही घूस आहे.

ऊनसावली :
माहितीये. काकांना सांगणार कोण?